रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकांवर 'पोस्टडॉक' : शिक्षण संपलं, कायम नोकरी नाही, मग हे काम नेमकं कसलं?

'रिसर्च असोसिएट, एक जागा, मुदत एक वर्ष, प्रकल्प संपला की पद संपेल. पात्रता जीवशास्त्रातली पीएच.डी., रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासाचा अनुभव असल्यास प्राधान्य.' अशा धर्तीच्या जाहिराती मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर वर्षभर येत असतात. त्या वाचणाऱ्यांत तालुक्याच्या गावांतून शिकून वर आलेली मुलंमुलीही असतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावसारख्या गावात घरी हे सांगायचं म्हटलं की प्रश्न ठरलेले. 'पर्मनंट आहे का?' 'डॉक्टर झालीस ना, मग पेशंट का तपासत नाहीस?' आणि वैतागून विचारलेला तिसरा, 'अजून किती वर्षं शिकणार?'

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरं सरळ नाहीत. हे काम पूर्ण शिक्षणही नाही आणि नेहमीच्या अर्थानं नोकरीही नाही. पण नांदगावातल्या एखाद्या रुग्णाच्या रक्ताची नळी नाशिक किंवा मुंबईला जाते, तिचा जनुकीय अहवाल येतो आणि त्यावरून औषध ठरतं, तेव्हा त्या अहवालाचा अर्थ लावण्याइतकं ज्ञान जमवण्यामागे अशाच वर्ष-दोन वर्षांच्या करारावर काम केलेली माणसं असतात.

आधी शब्दाचा उलगडा

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झाल्यानंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राहून केलेलं संशोधन. पीएच.डी.त माणूस संशोधन कसं करायचं ते शिकतो. पोस्टडॉकमध्ये एक प्रश्न स्वतः हातात घेऊन तडीस न्यायचा असतो. प्रयोगशाळा, यंत्रं आणि अनुदान मात्र दुसऱ्याचं. वकिलीत सनद मिळाल्यावर काही वर्षं ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काढतात, साधारण तसाच हा काळ. फरक एवढाच की ज्युनिअर वकिलाला अशील रोज भेटतो, पोस्टडॉकला रुग्णाचा चेहरा बहुतेकदा कधीच दिसत नाही. त्याच्यासमोर असतो नळीवरचा सांकेतिक क्रमांक.

आपल्याकडे सरकारी कागदोपत्री या पदाला बहुधा 'रिसर्च असोसिएट' म्हणतात. स्वतःच्या नावावर शिष्यवृत्ती मिळवून आलेला असेल तर 'पोस्टडॉक्टरल फेलो'. काम दोघांचं सारखंच.

जनुकांचा आजार, पण घराण्याचा नव्हे

रक्ताचा कर्करोग हा एक आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा अशी तीन मोठी घराणी, आणि प्रत्येकात अनेक पोटप्रकार. रक्तपेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. तिथे रोज अब्जावधी नव्या पेशी घडतात आणि प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही राहतात, आणि राहिलेल्यांपैकी एखादी नेमकी अशा जनुकात असते जो पेशीला 'आता थांब' असं सांगतो. मग ती पेशी थांबत नाही. तिच्यापासून तशाच बेशिस्त पेशी तयार होत राहतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण 'जनुकीय' हा शब्द ऐकला की आपल्याकडे लगेच घराण्याचा विषय निघतो. वडिलांना ब्लड कॅन्सर झाला, जनुकांमुळे झाला म्हणे, मग मुलीच्या लग्नाचं काय? रक्ताच्या बहुसंख्य कर्करोगांत जनुकातला बिघाड जन्मानंतर, त्या माणसाच्या रक्तपेशींतच झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. थोड्या कुटुंबांत उपजत धोका असतो हे खरं. ती कुटुंबं ओळखणं हाही या संशोधनाचाच भाग आहे. पण अहवालात 'म्युटेशन' हा शब्द दिसला म्हणून सोयरीक मोडणं याला विज्ञानाचा काडीचा आधार नाही.

दुसरा प्रश्न शेतकरी घरांतून येतो, 'फवारणीमुळे झालं का?' काही रसायनांचा संबंध निश्चित आहे. बेंझिनचा ल्युकेमियाशी. लिंडेन या जुन्या कीटकनाशकाचा नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मात्र एका विशिष्ट माणसाच्या पेशी तपासून 'हा बिघाड अमुक फवारणीनं झाला' असं सांगता येत नाही.

एका आखूड गुणसूत्राची गोष्ट

जनुकं पाहून औषध शोधता येतं हे जगाला पहिल्यांदा पटलं ते रक्ताच्याच कर्करोगामुळे. रक्त सहज काढता येतं, पेशी सुट्या असतात, म्हणून हा अभ्यास इतर कर्करोगांच्या पुढे राहिला.

१९६०मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असल्याचं दाखवलं. नॉवेल यांनी काचपट्ट्या साध्या नळाच्या पाण्यानं धुतल्या, पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी होऊन मोजता येऊ लागली. हंगरफर्ड तेव्हा अजून पीएच.डी.चे विद्यार्थीच होते. गुणसूत्राचा तुकडा तुटून हरवला असेल असं मानलं गेलं. तो हरवलेला नव्हता. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांची छायाचित्रं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडली, जोड्या लावल्या आणि १९७३मध्ये दाखवून दिलं की २२व्या गुणसूत्राचा तुकडा ९व्यावर आणि ९व्याचा २२व्यावर गेला आहे. आई कागदाच्या बाहुल्या कापतेय म्हणून मुलं त्यांना चिडवत.

या अदलाबदलीत दोन जनुकांचे तुकडे शेजारी येऊन एक भलतंच जनुक तयार होतं, बीसीआर-एबीएल. त्याचं प्रथिन म्हणजे सतत चालू राहिलेला दिवा. तो दिवा बंद करणारं इमॅटिनिब हे औषध मे २००१मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाशिवाय फारशी आशा नसलेला आजार आता बहुतेकांसाठी रोजची गोळी घेऊन सांभाळायचा आजार झाला, मधुमेह सांभाळावा तसा.

पुढचा अध्याय आपल्या न्यायालयात घडला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीचा या औषधाच्या पेटंटसाठीचा दावा फेटाळला. तेव्हा मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा दहा हजारांच्या आत सांगितला जात होता. तालुक्याच्या गावातला शेतकरी आज ही गोळी घेऊ शकतो, त्यामागे १९६०चं ते आखूड गुणसूत्र आहे आणि तो निकालही आहे.

गोष्ट इथे संपत नाही, कारण काही रुग्णांत गोळी लागू पडेनाशी होते. एबीएलच्या ३१५व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलतं आणि औषधाला बसायची जागाच उरत नाही. हा बदल औषध मंजूर झालं त्याच वर्षी सापडला. म्हणूनच सीएमएलच्या रुग्णाला सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पातळी तपासायला सांगतात. 'बरं वाटतंय, मग कशाला तपासणी?' असं म्हणून ती चुकवणं महागात पडतं.

मुंबईतून गेलेला पैसा

ल्युकेमियावरच्या संशोधनाला खास पैसा देणाऱ्या जगातल्या जुन्या संस्थांपैकी एक मुंबईत जन्मली, हे फार जणांना ठाऊक नसतं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचं १९३१मध्ये ब्रिटनमधल्या वेल्समध्ये ल्युकेमियानं निधन झालं. टाटा घराण्याची ऐपत, परदेशातले डॉक्टर, सगळं असूनही त्या काळी या आजारावर देण्याजोगं औषधच नव्हतं. दोराबजींनी १९३२च्या एप्रिलमध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि जूनमध्ये ते स्वतः गेले. या ट्रस्टच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जगभरातल्या ल्युकेमिया संशोधकांसाठी आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. त्यातून पोस्टडॉकच्या पातळीवरच्या अनेक तरुण संशोधकांचा पगार निघत आला आहे. भारतातल्या संशोधकांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याला जोडून १९५२मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तीच संस्था वाढत जाऊन आज नवी मुंबईत खारघरला 'ॲक्ट्रेक' या नावानं चालते. महाराष्ट्रात रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकांवर काम करू पाहणाऱ्यानं ज्या दारांवर थाप मारावी त्यांतलं हे पहिलं दार. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच छत्रीखाली असल्यानं इथे प्रश्न थेट वॉर्डातून येतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली 'नेक्सकार-१९' ही पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३मध्ये मंजूर झाली आणि एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं औपचारिक अनावरण झालं. रुग्णाच्याच टी-पेशींत जनुक घालून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला लावायची, अशी ही पद्धत. परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक-दशांश खर्चात ती उपलब्ध झाली, तरी तो खर्च काही दशलक्ष रुपयांतच आहे, सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. या कामाचे एक सूत्रधार राहुल पुरवार अमेरिकेत हार्वर्डमध्ये पोस्टडॉक करून मुंबईला परतले होते.

सकाळी नळी येते तेव्हा

नांदगावातल्या एका काल्पनिक रुग्णाची वाट धरू. थकवा, ताप, वजन कमी. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीबीसी होते. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,०००च्या दरम्यान हव्यात, त्या दीड लाख निघतात. तिथून नाशिक, किंवा मनमाडला गाडी पकडून मुंबई. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना काढतात आणि तो दोन-तीन नळ्यांत विभागतात. जांभळ्या टोपणाची डीएनए-आरएनएसाठी. हिरव्या टोपणाची गुणसूत्रांसाठी, कारण त्यासाठी पेशी जिवंत लागतात. नमुना प्रवासात तापला, गोठला किंवा दोन दिवस पडून राहिला तर आरएनए विरघळून गेलेला असतो. खानदेशाच्या वेशीवरचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे बर्फाच्या डब्याची किंमत कळेल. जगातलं सर्वांत महागडं यंत्रही वाया गेलेल्या नळीतून काही वाचू शकत नाही.

रुग्णाचा नेहमीचा अहवाल रुग्णालयाची प्रयोगशाळा देते. ते पोस्टडॉकचं काम नव्हे. पोस्टडॉकचं काम अहवालाला जिथे उत्तर देता येत नाही तिथे सुरू होतं. सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांना एकच औषध दिलं, एक बरा झाला, दुसऱ्याचा आजार सहा महिन्यांत उलटला. का? संमती घेऊन राखून ठेवलेले शंभरेक नमुने काढायचे, त्यांचा डीएनए वाचायचा आणि फरक शोधायचा.

'वाचायचा' हा शब्द सोपा आहे. माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आणि वीस हजारांच्या आसपास प्रथिनं घडवणारी जनुकं. त्यांतली निवडक काही जनुकं वाचली तरी प्रत्येक नमुन्यात बदलांची लांबलचक यादी येते. त्यातले बहुतेक बदल निरुपद्रवी, तुमच्या-माझ्यात असतात तसे. मग कर्करोगाचे कोणते? यासाठी त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींशी तुलना करावी लागते, आणि इथेच रक्ताच्या कर्करोगातली गंमत आहे. स्तनाच्या गाठीची तुलना रक्ताशी करता येते. इथे तर रक्तच आजारी! गालाच्या आतली पुसणी घ्यावी तर लाळेत पांढऱ्या पेशी असतातच. म्हणून त्वचेच्या पेशी वाढवाव्या लागतात, नाहीतर चक्क नखांचे कापलेले तुकडे वापरतात.

आणखी एक पेच. वय वाढलं की अगदी निरोगी माणसाच्या रक्तातही ल्युकेमियात दिसणारे काही बदल सापडतात. सत्तरीपुढच्या साधारण दहातल्या एकात ते असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही. त्यामुळे 'बदल सापडला' आणि 'कारण सापडलं' या दोन वाक्यांत वर्षा-दोन वर्षांचं काम दडलेलं असतं. तो बदल प्रयोगशाळेतल्या निरोगी पेशींत मुद्दाम घालून पाहायचा. पेशी वेड्यासारखी वाढते का? औषधाला दाद देते का? दिवसाचा निम्मा वेळ हातमोजे घालून पेशींबरोबर, उरलेला संगणकावर आज्ञावली लिहिण्यात. हल्लीच्या जाहिरातींत 'पायथन' आणि 'आर' येणाऱ्याला प्राधान्य असतं ते यामुळे. बहुतेक प्रयोग फसतात. हे तक्रार म्हणून नाही, पण या वाटेला जाणाऱ्याला आधी सांगायला हवं.

चाळणी कोणाची?

रुग्णाच्या निरोगी पेशी मिळाल्या नाहीत तर दुसरा उपाय म्हणजे चाळणी. हा बदल हजारो निरोगी माणसांतही दिसतो का, ते सार्वजनिक माहितीसाठ्यात पाहायचं. दिसला तर तो बहुधा निरुपद्रवी. पण हे जागतिक साठे प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनले. भिल्ल, कोळी, वंजारी, मराठा, मुस्लिम अशा आपल्याकडच्या समाजांत सर्रास असणारा एखादा साधा बदल त्या साठ्यात नसेल तर तो संशयित ठरतो. अहवालात येतं, 'अर्थ अनिश्चित'. रुग्णाच्या घरच्यांना या दोन शब्दांचं करायचं काय ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही फारसं करता येत नाही.

ही निव्वळ पुस्तकी अडचण नाही. मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात '६-मर्कॅप्टोप्युरिन' ही गोळी दीर्घकाळ द्यावी लागते. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी या गोळीनं धोकादायक पातळीपर्यंत घसरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. पाश्चात्त्य देशांत याचं कारण टीपीएमटी या जनुकातले बदल असल्याचं आधीच ठाऊक होतं, तपासणीही होती. आशियाई मुलांत टीपीएमटी ठीक असूनही त्रास होत होता. २०१४मध्ये कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांचा अभ्यास करताना एनयूडीटी१५ हे दुसरंच जनुक सापडलं. पाठोपाठ ल्युकेमियाच्या मुलांतही त्याचा संबंध सिद्ध झाला. त्याचे बदल युरोपीय लोकांत विरळ, भारतासह आशियात बरेच जास्त. ज्या मुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात त्याला नेहमीच्या सुमारे एक-दशांश मात्राच पेलते. म्हणजे औषध बरोबर, आजार बरोबर, डॉक्टर कुशल, आणि तरी मात्रा दहापट जास्त. हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. आपल्यासारख्या लोकांची जनुकं कोणी पुरेशी वाचलीच नव्हती.

आता परिस्थिती बदलते आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० निरोगी माणसांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. चाळणी तयार झाली, पण ती वापरून आपल्या रुग्णांचे नमुने चाळणार कोण? फिरून गाडी त्या एक वर्षाच्या जाहिरातीपाशी येते.

भारतीय प्रश्नाला भारतीय उत्तर मिळाल्याचं उदाहरण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं आहे. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. पूर्वी हा आजार दिवसांत जीव घेई. चीनमधल्या डॉक्टरांनी त्यावर अ जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद आणि आर्सेनिक वापरून दाखवलं. महागडी केमोथेरपी न परवडणाऱ्या रुग्णांना केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन बहुतेकांचा आजार दीर्घकाळ आटोक्यात राहतो, हे वेल्लोरच्या गटानं २००६मध्ये प्रसिद्ध केलं. सोमल म्हणून आपल्याकडे ज्याच्या नावानं थरकाप होतो, त्याचंच औषध झालं. आज हा ल्युकेमिया बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असलेल्यांपैकी एक आहे, फक्त निदान आणि उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात.

पगार, मुदत आणि 'पर्मनंट'चा प्रश्न

केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाच्या दरांनुसार १ जानेवारी २०२३पासून रिसर्च असोसिएटला अनुभवानुसार महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. त्याआधीच्या पायऱ्या म्हणजे पीएच.डी. करतानाचे ज्युनिअर फेलोचे ३७,००० आणि सीनिअर फेलोचे ४२,०००. प्रत्येक संस्था हेच दर लावते असं नाही. काही ठिकाणी भत्त्यासकट एकच ठोक रक्कम असते, म्हणून जाहिरातीतला तो शब्द नीट वाचावा.

स्वतःचा प्रस्ताव लिहून मिळणारी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपही आहे. पूर्वी ती 'सर्ब' देत असे, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं. मुदत दोन वर्षं, वयोमर्यादा ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. यात फायदा असा की प्रश्न तुमचा असतो आणि थोडा संशोधन खर्चही तुमच्या नावावर येतो.

साठ हजार हा नांदगावच्या हिशेबानं बरा पगार वाटेल. खारघरचं भाडं भरणाऱ्याला विचारा. शिवाय वय तिशीच्या आसपास, बरोबरीचे मित्र बँकेत किंवा शाळेत कायम झालेले, कोणाच्या घराचे हप्ते सुरू. अनुदान उशिरा आल्यामुळे दोन-दोन महिने पगार लांबणं ही देशभरच्या संशोधकांची जुनी तक्रार आहे. मुलींच्या बाबतीत लग्न, बाळंतपण आणि पीएच.डी.नंतरची ही वर्षं नेमकी एकमेकांवर येतात. वयाची सवलत देऊन त्यातलं थोडंच सुटतं. एक वर्षाच्या करारावर पाच वर्षांचा प्रश्न सोडवायला लावणं ही व्यवस्थेची कंजुषी आहे, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. नमुने दहा वर्षं टिकतात, माणूस अठरा महिन्यांत निघून जातो.

पुढे काय? थोडे संस्थांत शास्त्रज्ञ किंवा विद्यापीठात प्राध्यापक होतात. या जागा कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बरेच जण जनुकीय तपासणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळांत, औषध कंपन्यांत किंवा माहिती-विश्लेषणात जातात. बरेच परदेशी. आणि काही जण सगळं सोडून स्पर्धा परीक्षांकडे वळतात, तेही आपण पाहतोच.

नांदगावहून तिथपर्यंत

वाट लांब आहे पण अनोळखी नाही. गावात किंवा मनमाडला बी.एस्सी., पुण्याच्या विद्यापीठात किंवा नाशिकला एम.एस्सी., मग सीएसआयआरची नेट परीक्षा आणि पीएच.डी. विषय प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान काहीही चालतो. एम.डी. झालेले डॉक्टरही रिसर्च असोसिएट होऊ शकतात. रक्ताच्या कर्करोगातच पीएच.डी. हवी असं नाही. पेशी वाढवता येणं, डीएनएची माहिती संगणकावर तपासता येणं, यांपैकी एक हात तयार असला तर दुसरा शिकता येतो.

जाहिरात येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ज्या शास्त्रज्ञाकडे काम करायचंय त्याचे दोन-तीन शोधनिबंध वाचून नेमका पत्रव्यवहार करणं जास्त फळतं. 'आदरणीय सर, मला आपल्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे' एवढ्याच मजकुराचं पत्र रोज कित्येकांना जातं. तुमच्या पत्रात त्यांच्या निबंधातला एक प्रश्न आणि तुम्हाला येणारी एक गोष्ट असावी. मुलाखतीत आपणही विचारावं. प्रकल्पाची किती मुदत उरली आहे? नमुने जमले आहेत की अजून जमवायचे आहेत? नैतिकता समितीची परवानगी झाली आहे का? याआधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रयोगशाळेबद्दल जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकावरून कळत नाही. आणि इंग्रजी कच्चं आहे या भीतीनं माघार घेऊ नये. शास्त्रीय इंग्रजी ही ठरावीक शब्दांची बोली आहे, ती सवयीनं येते.

नळीच्या दुसऱ्या टोकाला

तुमच्या घरात कोणी रुग्ण असेल आणि रुग्णालयात 'थोडा नमुना संशोधनासाठी ठेवू का?' असं विचारत संमतीपत्र पुढे केलं, तर घाईत सही करू नका आणि घाबरून नकारही देऊ नका. हा नमुना बहुधा निदानासाठी काढलेल्यातूनच उरलेला असतो. जादा सुई टोचणार आहेत का ते विचारून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती समजेल अशा भाषेत घ्यावी लागते, नकार दिल्यानं उपचारात फरक पडता कामा नये आणि दिलेली संमती पुढे मागे घेता येते. मराठी प्रत मागा. नाव गुप्त राहील का, नमुना दुसऱ्या संस्थेला जाईल का, आणि तपासणीत कुटुंबाशी संबंधित काही निघालं तर कळवणार का, हेही विचारा. या संशोधनाचा फायदा त्या रुग्णाला स्वतःला होईलच असं नाही. तो बहुधा पुढच्या कोणाला होतो, हे संमती घेणाऱ्यानं स्वच्छ सांगायला हवं.

त्यानंतर ती नळी उणे ८० अंशांच्या शीतपेटीत जाते. जिवंत पेशी ठेवायच्या असतील तर द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. बरोबर एक वही असते : क्रमांक, तारीख, कोणत्या खणात, किती वेळा बाहेर काढून वितळवली. करार संपून निघणारा पोस्टडॉक शेवटच्या आठवड्यात हीच वही पुढच्याला समजावून सांगत असतो. पुढचा नेमला गेलाच नसेल, तर ती वही शीतपेटीच्या दाराला चिकटवून ठेवतो.